शेळीचा पाय आणि आपला हात

वाचकहो, या सदरात आपण दर आठवड्याला माणसांच्या आजारांविषयी बोलतो. आज मात्र शेळीविषयी लिहिणार आहे. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे, हे आधीच सांगतो. पण नर्सीसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्याला हा भेद नेहमी पाळता येत नाही. कायाधूच्या काठचे हे गाव नामदेव महाराजांचे जन्मगाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एकादशीला इथे भाविकांची गर्दी होते. एरवी मात्र हे शेतकऱ्यांचे, मजुरांचे आणि शेळ्यांचे गाव आहे. गाय-म्हैस ज्याला परवडत नाही त्याच्या दारात एखादी शेळी असतेच. मुलाची वह्या-पुस्तके, बियाण्याची पिशवी, बाळंतपणाचा खर्च, हे सगळे वेळप्रसंगी त्या एका शेळीवर निघते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या एक कोटीच्या वर आपल्या महाराष्ट्रात आहेत. तेव्हा शेळीचा पाय मोडला की घराचाही पाय लंगडतो, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आजचा लेख लिहिण्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे नीट लक्षात राहील.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकादशीचा दिवस होता. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या बेतात असताना एक आजी आणि तिचा बारा-तेरा वर्षांचा नातू शेळी घेऊन दारात उभे राहिले. नातवाने शेळी खांद्यावर आणली होती. मागच्या उजव्या पायाला नडगीच्या वर मोठी जखम. वीतभर कातडी सोलून लोंबत होती आणि आत पांढरी शीर दिसत होती. जखमेत हळद आणि चुना गच्च भरला होता. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली होती. खूर हाताला गार लागत होता.

“डाक्टरसाहेब, ढोराचे डाक्टर दुसऱ्या गावाला गेलेत. रातभर टिकंल का हो ही? गाभण हाय.”

“आजी, काय झालं हिला?”

“काट्याच्या तारीत गुतली बाबा. हेच पोरगं व्हतं संगं.”

पोरगा खाली मान घालून उभा होता. मी ट्यूब सोडवली, जखम धुतली, पट्टी बांधली आणि सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले. कंपाउंडरने शेळी धरली होती, पोराने पाय धरला होता. हातमोजे फक्त मी घातले होते.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शेळी तपासून इंजेक्शने दिली. रोजची पट्टी मी करावी असे ठरले, कारण माझा दवाखाना आजीच्या घराजवळ. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा सूज उतरली होती. जखमेच्या बाजूला, केसांत दडलेली दोन खोल भोके मला दिसली. दोघांमध्ये दोन बोटांचे अंतर. तारेने कातडी फाटते, ओरखडते. अशी जोडीची भोके दाताची असतात. मी पोराकडे पाहिले आणि तो रडायलाच लागला.

“कुत्रं व्हतं साहेब. म्या नदीत पोहायला गेलतो. आलो तर पायाला धरलेलं. म्या दगडानं हाकललं.”

कुत्रे कोणाचे, कुठे गेले, काहीच ठाऊक नव्हते. पोराच्या बोटांना सरपण फोडताना झालेल्या ताज्या चिरा होत्या. त्याच हातांनी त्याने जखमेत हळद-चुना भरला होता. त्याच हातांनी पाय धरला होता. कुत्र्याची लाळ त्या जखमेत होती, आणि मी पहिल्या दिवशी विचारलेल्या एका प्रश्नावर समाधान मानून गप्प बसलो होतो.

त्या पोराचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी शेळीच्या पायाला मोठी जखम झाली तर काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम : जखम कशाने झाली ते शोधा

तार, विळा, कुऱ्हाड, कडबा तोडायचे यंत्र, मोटारसायकलची धडक, दगडात अडकलेला पाय, आणि कुत्रा. कारण कळले की निम्मे निदान झाले. कापलेली जखम स्वच्छ कडांची असते. धडकेत वरून जखम लहान दिसते, पण आत हाड मोडलेले असू शकते. चाव्याची जखम वरून दोन भोकांएवढी आणि आत खोल असते. राखणाऱ्या पोराला रागावू नका, मारू नका. घाबरलेले पोर खोटे सांगते, आणि ते खोटे घराला महागात पडते. कोणी पाहिले नसेल तर जखमेभोवतीचे केस ओले करून, बाजूला सारून दातांच्या खुणा शोधा. शंका असेल तर तो कुत्र्याचा चावा आहे असेच धरून चाला.

हाताला हातमोजे घाला. नसतील तर दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशव्या बांधा. ज्याच्या हाताला चिरा, फोड किंवा नखुर्डे असेल त्याने जखमेला हात लावूच नये. त्याने शेळीचे डोके धरावे, तेही तोंडाला हात न लावता.

शेळी शक्यतो उभीच धरा. भिंतीला लावून एकाने दोन्ही गुडघ्यांत धरली की ती फारशी हलत नाही. रवंथ करणारे जनावर आडवे पाडून फार वेळ ठेवले की पोट फुगते. दम कोंडतो. ती आपणहून बसली असेल तर छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसू द्या.

दुसरे काम : रक्त थांबवा

तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळे मिळून साधारण दोन लिटर रक्त असते. म्हणजे अर्धा लिटर गेले तर चौथा हिस्सा गेला. जमिनीवर सांडलेले रक्त डोळ्यांना जास्त वाटते हे खरे, पण लहान जनावराच्या बाबतीत वेळ घालवून चालत नाही.

स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून दहा मिनिटे. मधे उचलून बघू नका. बघण्यासाठी कापड उचलले की तयार झालेली गाठ निघते आणि रक्त पुन्हा सुरू होते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. बहुतेक रक्तस्राव एवढ्याने थांबतो.

रक्त लालभडक असेल आणि नाडीबरोबर चिळकांड्या उडत असतील तर धमनी कापली आहे. दाबलेला हात न काढता गाडी बोलवा. सुतळी, तार किंवा ट्यूब बांधून पाय आवळू नका. आवळल्यावर खालच्या भागाचे रक्त बंद होते आणि काही तासांत पाय मरू लागतो. आजीच्या शेळीचा खूर गार पडला होता तो जखमेने नव्हे, ट्यूबने. ती रात्रभर तशीच राहिली असती तर पाय कापावा लागला असता.

खालच्या पापणीचा आतला भाग आणि हिरड्या पाहा. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या फटक दिसत असतील, कान गार असतील, शेळी मान टाकत असेल, तर रक्त फार गेले आहे. ताबडतोब डॉक्टर हवा.

तिसरे काम : धुवा, आणि पुन्हा धुवा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा. जखमेवर काय लावावे हे सगळे विचारतात, जखम किती वेळ धुवावी हे कोणी विचारत नाही. धुणे हेच पहिले औषध आहे.

जखमेत माती, शेण, केस आणि मेलेल्या मांसाचे तुकडे असतात. जंतू त्यांच्या आधाराने वाढतात. वरून कितीही भारी मलम लावले तरी ते खालच्या घाणीपर्यंत पोचत नाही. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ टाका. हे मिठाचे पाणी अंगातल्या रसाच्या जवळचे असते, त्यामुळे आग होत नाही. ते पाणी मोठ्या सिरिंजने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीने जोरात मारा, म्हणजे आतली माती सुटून बाहेर येते. तयार पाणी नसेल तर प्यायच्या पाण्याने धुवा, पण वाट पाहू नका. मोठ्या जखमेला दोन-तीन लिटर पाणी सहज लागते.

जखमेभोवतीचे केस दोन बोटे रुंदीपर्यंत कापा. कापताना जखमेवर ओले स्वच्छ कापड ठेवा, म्हणजे केस आत पडत नाहीत. लोंबणारी कातडी कापून टाकू नका. ती जिवंत असेल तर डॉक्टर तिचा उपयोग करतात.

चाव्याची शंका असेल तर नुसते पाणी नको. अंगाचा किंवा कपड्याचा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. माणसाच्या चाव्यालाही हाच नियम आहे. रेबीजच्या विषाणूचे वरचे आवरण साबणाने फुटते. म्हणून पाच रुपयांची साबणाची वडी इथे मोठे काम करते.

धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीनचे औषध पाण्यात पातळ करून, फिकट चहाच्या रंगाएवढे करून, जखमेवर सोडा. तेवढे पुरे.

काय लावू नये

चुना, राख, शेण, तंबाखू, रॉकेल, डिझेल, जळके ऑइल, बॅटरीची पूड, फिनेल, शेतातली कीटकनाशक पावडर, हे सगळे मी जखमांत भरलेले पाहिले आहे. यांतल्या बऱ्याच गोष्टी जंतूंबरोबर नवे मांसही जाळतात. कीटकनाशक तर जखमेतून रक्तात जाते आणि शेळी ते चाटते. विषबाधा होऊन शेळी मेली की लोक म्हणतात, जखमेने मेली.

हळदीविषयी विचाराल. हळद वाईट नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही, पू झाला तरी कळत नाही. धुतल्याशिवाय भरलेली हळद म्हणजे घाणीवर घातलेले पांघरूण. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा उघड्या मांसावर रोज घालू नये. फेस आला म्हणजे जखम साफ झाली असे नाही.

फिनेलवरून एक जुनी हकीकत आठवते. १८६५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गाडीखाली पाय सापडून हाड बाहेर आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याकडे आला. त्या काळात असा पाय बहुधा कापूनच टाकावा लागे, कारण जखम सडून माणूस दगावे. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली आणि सहा आठवड्यांत तो मुलगा बरा झाला. जखम हवेने सडत नाही, जंतूंनी सडते, हे जगाला त्यातून पटू लागले. पण म्हणून आज शेळीच्या पायावर फिनेल ओतू नये. कार्बोलिक आम्ल मांस जाळते, म्हणून जखमेसाठी ते केव्हाच मागे पडले. त्या हकीकतीतला धडा औषधाचा नाही, स्वच्छतेचा आहे.

पट्टी कशी बांधावी

गुडघ्याखालच्या पायावर मांस थोडे असते. हाड आणि शिरा लगेच कातडीखाली असतात, रक्तपुरवठाही कमी. म्हणून ही जखम पाठीवरच्या जखमेपेक्षा सावकाश भरते. चार ते सहा आठवडे लागले तर घाबरू नका.

जखमेवर निर्जंतुक गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि वरून पट्टी. कापूस थेट जखमेवर नको, तंतू चिकटतात. पट्टी खुराकडून वर गुंडाळत जा. फार घट्ट नको. पट्टीत एक बोट सरकले पाहिजे. दोन्ही खुरांमध्ये कापूस ठेवा. दिवसातून दोनदा खूर हाताला गरम लागतो का आणि वर सूज येते का ते पाहा. चरायला नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधलीत तर घरी आल्यावर लगेच सोडा, नाहीतर आत घाम धरतो.

पहिले चार-पाच दिवस रोज पट्टी बदला. चिकटली असेल तर मिठाच्या पाण्याने भिजवून काढा, ओढू नका. खालून दाणेदार, लालगुलाबी मांस वर येत असेल तर जखम भरते आहे. घाण वास, हिरवट पू, काळे मांस किंवा वाढती सूज ही वाईट लक्षणे. शेळीचा ताप सरासरी १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतो, आपल्यापेक्षा जास्त. तेव्हा अंग गरम लागले म्हणून तापच आला असे समजू नका. पण १०४ च्या वर गेला, चारा सोडला, रवंथ थांबली, तर डॉक्टर हवेत.

शेळी कोरड्या जागी, वेगळी बांधा. खाली गोणपाट किंवा वाळलेला पाला घाला आणि रोज बदला.

थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे केव्हा

हाड बाहेर आले असेल किंवा पाय नको तिथे वाकत असेल तर हाड आत ढकलू नका. ओले स्वच्छ कापड ठेवा, भोवती कापूस गुंडाळा आणि बांबूच्या दोन कामट्या अशा बांधा की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही. शेळीचे हाड चांगले जुळते, फक्त ते पहिल्या दिवसापासून नीट बांधले पाहिजे.

सांध्याजवळच्या जखमेतून चिकट, पिवळसर, तेलासारखा पातळ पदार्थ येत असेल तर सांधा उघडला आहे. हे सांध्यातले वंगण आहे. इथे एक दिवसही थांबू नका. टाचेवरची धोंडशीर तुटली असेल तर शेळीला पाय टेकता येत नाही, टाच खाली बसते. हेही घरी करण्याचे काम नाही.

टाके घालायचे असतील तर पहिल्या सहा-आठ तासांत नेणे बरे. चाव्याच्या जखमेला मात्र सहसा लगेच टाके घालत नाहीत, कारण आत कोंडलेली घाण पू करते. ‘टाके का घातले नाहीत’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. पाय वाचण्यासारखा नसेल तर तो कापावा लागतो. तीन पायांवरही शेळी चालते, चरते. लगेच खाटकाकडे पाठवण्याची घाई नको.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर १९६२ हा जनावरांसाठीचा मोफत फोन क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याला परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

किडे पडले तर

पावसाळ्यात आणि दमट हवेत माशी जखमेच्या कडेला अंडी घालते. एका दिवसात अळ्या निघतात आणि डोके आत, शेपूट बाहेर अशा मांस पोखरत जातात. जखमेतून लालसर पाणी गळते, घाण वास येतो, शेळी पाय झटकत राहते. पाच-सात दिवसांत अळ्या मोठ्या होऊन मातीत पडतात. तिथून पुन्हा माश्या होतात.

आपल्याकडे सीताफळाचा पाला ठेचून भरतात. त्या पाल्यात कीटक मारण्याचा गुण आहे हे खरे. पण न धुतलेला पाला मातीसकट आत जातो, आणि मेलेल्या अळ्या आतच राहिल्या तर सडतात. सीताफळाच्या बियांची पूड तर अजिबात वापरू नका. डोळ्यात उडाली तर माणसाचा आणि जनावराचा डोळा जायबंदी होतो. डॉक्टर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ ठेवतात, अळ्या वर आल्या की चिमट्याने एकेक काढतात, आणि गरजेप्रमाणे इंजेक्शन देतात. काढलेल्या अळ्या मातीत फेकू नका, जाळा. सगळ्यांत सोपा उपाय पहिल्या दिवशीच : जखम झाकून ठेवा.

धनुर्वात आणि माणसांची औषधे

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात वर्षानुवर्षे राहतात. खोल, बंद जखम त्यांना मानवते. तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही शेळी ताठ होते, लाकडी घोड्यासारखी पाय फाकून उभी राहते, कान ताठ, जबडा बंद. तेव्हा उपाय करणे फार अवघड. म्हणून जखम झाल्याबरोबर डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारा. इथे एक फरक समजून घ्या. लस शरीराला स्वतः प्रतिकार करायला शिकवते, त्याला काही आठवडे लागतात. सिरममध्ये तयार प्रतिद्रव्ये असतात, त्याने लगेच संरक्षण मिळते. कोणते द्यायचे ते जनावरांचे डॉक्टर ठरवतील. माणसांच्या दवाखान्यातून टीटी मागून नेऊन शेळीला टोचणे म्हणजे इलाज पूर्ण झाला असे नाही.

आणि पट्टी बांधणाऱ्यांनो, तुमचे स्वतःचे इंजेक्शन झाले आहे का? २०१५ साली भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ते लसीमुळे झाले. जंतू मातीतून गेलेले नाहीत.

माझ्याकडे आणि औषधांच्या दुकानात लोक शेळीसाठी दुखण्याच्या गोळ्या मागतात. डायक्लोफिनॅक जनावराला देऊ नका. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. आपल्या आकाशातली गिधाडे त्यामुळेच गेली. २००६ साली भारतात जनावरांसाठी ते बंद करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही तशीच बंदी आली. वेदना कमी करणारी सुरक्षित औषधे आहेत, पशुवैद्य ती देतात.

तसेच माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल मोठ्या शेळीला तोंडाने देऊ नका. तिच्या पोटात चारा पचवणारे उपयोगी जंतू असतात. ते मेले की चारा सडतो आणि शेळी जखमेऐवजी पोटाने मरते. शेळी गाभण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. इंजेक्शन चालू असताना दूध किती दिवस वापरायचे नाही तेही विचारून घ्या.

चावा असेल तर माणसांचे काय

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येतो. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नका. बांधून दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस तो ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण माणसाचे उपचार त्या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत, ते लगेच सुरू करायचे.

ज्याच्या चिरलेल्या, सोललेल्या हाताला ती ताजी चाव्याची जखम किंवा लाळ लागली, त्याने हात साबणाने पंधरा मिनिटे धुवावेत आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. पहिली लस टोचली तो शून्यावा दिवस. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी देतात, स्नायूत द्यायची ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. खोल चावा असेल तर जखमेत सिरमही भरतात. एकही दिवस चुकवायचा नाही.

जुन्या लोकांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून बसली आहे. मी शिकत होतो तेव्हा ती देत असत, आणि ती फार दुखत. मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आता लस दंडावर देतात. भीतीचे कारण गेले, पण भीती राहिली. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली की आजही जगात त्यावर भरवशाचा इलाज नाही, हे विसरू नका.

चावलेल्या शेळीलाही लस देता येते. पशुवैद्य ठरवतील त्या दिवशी सगळ्या मात्रा पूर्ण करा. तरी पुढे काही महिने तिच्यावर लक्ष ठेवा. ती घोगऱ्या आवाजात सारखी ओरडू लागली, अंगावर येऊ लागली, लाळ गाळू लागली, मागचे पाय लुळे पडले, तर ‘घशात काही अडकले’ म्हणून तोंडात हात घालू नका. गावाकडे माणसाला धोका होतो तो असाच, चांगल्या भावनेने तोंडात घातलेल्या हातामुळे. अशी शेळी वेगळी बांधून डॉक्टरांना कळवा. तिचे दूध वापरू नका, तिला कापू नका, विकू नका. एरवीही दूध उकळूनच प्यावे.

त्या पोराचे आणि शेळीचे काय झाले

त्या तिसऱ्या दिवशी मी पोराचे हात नळाखाली धरून साबणाने धुतले. घड्याळ लावून. आजी दाराशी उभी राहून म्हणत होती, “पोटात चौदा सुया द्याल का हो माझ्या लेकराला?” भावाला लहानपणी दिलेल्या इंजेक्शनांची आठवण तिला होती. नातवानेही तीच गोष्ट ऐकली होती, म्हणून तो तारेवर अडून बसला होता. मी तिला दंड दाखवला, “इथं देतात आजी, मलाही घ्यायची आहे.” त्याच दिवशी आम्ही हिंगोलीला गेलो. पोरगा, आजी, माझा कंपाउंडर आणि मी. चौघांनीही सगळ्या मात्रा पूर्ण केल्या. शेळीलाही पशुवैद्यांनी लस दिली.

जखम सहा आठवड्यांत भरली. पाय थोडा लंगडा राहिला. शेळी दोन करडांना व्याली, आणि त्यातली एक पाठ आजीने ठेवली. कुत्र्याचा पत्ता कधीच लागला नाही. तो पिसाळलेला होता की नव्हता, आम्हाला आजही माहीत नाही. माहीत नसताना लस घेतली, हेच बरे झाले.

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात जखम घेऊन कोणी आले, माणूस असो की जनावर, मी ‘काय झालं’ एवढेच विचारून थांबत नाही. ‘कुत्रं होतं का?’ हे वेगळे विचारतो. आणि लहान पोर असेल तर घरच्या मोठ्यांना थोडे बाहेर बसवून विचारतो.

नामदेव महाराजांची एक कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्यांच्या गावात राहून कुत्र्यांना दगड घाला असे मी सांगणार नाही. उलट आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. तीही एक तुपाची वाटीच आहे. त्यात कुत्राही वाचतो, शेळीही वाचते आणि शेळीमागे फिरणारे आपले लेकरूही.

तेव्हा वाचकहो, गोठ्यात एका खोक्यात एवढ्या वस्तू आजच ठेवा : साबणाची वडी, मीठ, मोठी सिरिंज, आयोडीनचे औषध, गॉज, कापूस, पट्टी, कात्री, हातमोजे. खोक्याच्या झाकणावर लिहा : कशाने झाली ते विचारा. रक्त दाबा. धुवा. झाका. डॉक्टरांना बोलवा. आणि स्वतःचे हात पुन्हा धुवा.